चुकलेली हमाली कोणाला दिसते?

सोलापूर–धुळे महामार्गावरच्या वडीगोद्रीसारख्या गावात माणसाचं शिकायचं वय भरतीच्या जाहिरातीवरून ठरतं. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षांची मर्यादा आहे. ती ओलांडली की ‘आता काय शिकणार?’ असं घरातलेच म्हणू लागतात. सॉफ्टवेअरच्या कामालाही हेच माप लावलं जातं, आणि ते मला साफ चुकीचं वाटतं. या कामात बोटं भराभर चालण्याला फारशी किंमत नाही. वेळ जातो तो आलेलं उत्तर बरोबर आहे का, हे तपासण्यात. मोसंबी विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीचाच छोटा प्रोग्राम घ्या. पायथनमध्ये ‘इनपुट’ने दोन वजनं घेतली, 40 आणि 50, आणि बेरीज मागितली, तर पडद्यावर येतं 4050. चूक झाल्याची सूचना काही येत नाही. टाइप केलेला आकडा पायथन अक्षरं म्हणून घेतो आणि एकापुढे एक चिकटवतो. ‘इंट’ लावून त्याची संख्या करावी लागते. हे 4050 कोणालाही खटकेल. पण पट्टीतून कापायची हमाली नगावर लावायची ती क्विंटलवर लागली, तर आकडा दिसायला ठीकच दिसतो. ती चूक पकडतो तो वर्षानुवर्षं पट्ट्या पडताळलेला माणूस.

कंपन्या कॉलेजातून ताजी मुलं उचलतात, हा आक्षेप खरा आहे. पदवी नसलेल्या चाळिशीतल्या माणसाला पुण्याहून बोलावणं येणं अवघडच. त्याचं पहिलं काम कृषी सेवा केंद्र, दूध संकलन, पतसंस्था अशा ओळखीच्या ठिकाणीच शोधावं लागेल, आणि पैसेही सुरुवातीला कमीच मिळतील. या वयात डोकं चालत नाही, हे मात्र पटत नाही. जपानच्या मासाको वाकामिया बँकेतून निवृत्त झाल्यावर संगणक शिकल्या आणि 2017 मध्ये, 81व्या वर्षी, त्यांनी आयफोनसाठी खेळ काढला. त्यात सणाच्या बाहुल्या परंपरेप्रमाणे जागच्या जागी मांडायच्या असतात. ती मांडणी त्यांना आधीपासून ठाऊक होती. आता कोड यंत्रच लिहितं, मग शिकून काय करायचं, असंही विचारतात. यंत्राने लिहिलेला पट्टीचा प्रोग्राम तरी हमाली कशावर लावतो, हे कोणी पाहायचं? कोड वाचता आल्याशिवाय ते पाहता येत नाही. एवढ्यासाठी कर्ज काढून महागडा क्लास लावू नये. पायथन फुकट मिळतो; जुना लॅपटॉप, रोज संध्याकाळचे दोन तास आणि घरातल्या जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा, एवढ्यावर सुरुवात होते.