आमच्या कॅराव्हॅनची बॅटरी

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. माझ्या काकांची कॅराव्हॅन एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीवर बांधलेली आहे. आत दोन लांब बाक आहेत, रात्री त्यांचेच पलंग होतात. छोटा फ्रिज, दोन पंखे, चार दिवे, एक शेगडी आणि छतावर दोन सोलर पॅनेल. जबलपूरहून कान्हा, पचमढी, अमरकंटक अशा सहली आम्ही तिच्यातून केल्या आहेत. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसते. एक इंजिन सुरू करण्यासाठी, ती बॉनेटखाली. दुसरी घरासाठी, म्हणजे पंखे, दिवे आणि फ्रिज चालवण्यासाठी. हा लेख दुसऱ्या बॅटरीबद्दल आहे. ती आम्ही यंदा लेड-अ‍ॅसिडची काढून लिथियमची बसवली.

कारण होते आजोबा. त्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे, म्हणून ते रात्री सीपॅप मशीन लावतात. हे मशीन मास्कमधून दाबाखाली हवा देत राहते, त्यामुळे घसा मिटत नाही. मागच्या उन्हाळ्यात बरमान घाटावर मुक्काम असताना पहाटे चारच्या सुमारास इन्व्हर्टर बीप-बीप करून बंद पडला आणि मशीनही थांबले. आजोबा दचकून उठून बसले. बाकीची रात्र त्यांनी खुर्चीत बसूनच काढली. त्यांची फार वर्षांची इच्छा आहे की नर्मदा परिक्रमा करावी. पायी आता शक्य नाही, पण गाडीने नक्की. परिक्रमेत रात्री कुठल्या तरी घाटावर किंवा आश्रमाच्या अंगणात जातात, तिथे प्लग मिळेलच असे नाही. म्हणून काकांनी ठरवले की आधी बॅटरीचे बघायचे, मग तारीख काढायची.

आधी हिशेब केला. हा हिशेब वॅट-तासांत करायचा: उपकरण किती वॅटचे आणि किती तास चालते, यांचा गुणाकार. सीपॅप ४० वॅट, आठ तास, म्हणजे ३२०. दोन पंखे प्रत्येकी २० वॅट, आठ तास, पुन्हा ३२०. फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो, पण तो एकतृतीयांश वेळच चालू असतो, म्हणून दिवसभराचे ३६०. दिवे ५०, मोबाइल ६०. एकूण १११० वॅट-तास. विजेच्या बिलाच्या भाषेत एक युनिटपेक्षा थोडे जास्त.

आता जुनी बॅटरी पाहा. ती १२ व्होल्टची, १५० अ‍ॅम्पिअर-तासांची ट्यूब्युलर होती. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. कागदावर पुरेसे दिसते. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात, ते वेळेवर चार्ज झाले नाहीत तर कडक होतात आणि मग विरघळत नाहीत. म्हणून खरे हाती येतात ते ९०० वॅट-तास, तेही नव्या बॅटरीत. आमची तीन वर्षांची होती आणि जबलपूरचे तीन मे महिने तिने काढले होते. उष्णतेने लेड-अ‍ॅसिड लवकर म्हातारी होते. त्यात सीपॅप इन्व्हर्टरमधून चालत होता, आणि १२ व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. म्हणजे बरमानला मशीन बंद पडले यात आश्चर्य नव्हते. ते पहाटे चारपर्यंत चालले हेच जास्त.

नवी बॅटरी २०० अ‍ॅम्पिअर-तासांची, लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. हिच्या एका सेलचा व्होल्टेज ३.२ असतो, चार सेल ओळीने जोडले की १२.८. लेड-अ‍ॅसिडमध्ये २ व्होल्टचे सहा सेल लागतात. १२.८ गुणिले २०० म्हणजे २५६०, आणि त्यातले ८० टक्के रोज वापरले तरी तिला काही होत नाही. म्हणजे २०४८. आमच्या जवळजवळ दोन दिवसांची सोय, सूर्य अजिबात दिसला नाही तरी. वजन? जुनी बॅटरी उचलायला काका आणि मी दोघे लागलो. नवी काकांनी एकट्याने आत नेली.

आईचा पहिला प्रश्न वेगळाच होता, आणि मला वाटते तो वाचणाऱ्या अनेक पालकांचाही असेल: ही पेटणार तर नाही ना? २०२२ मध्ये आपल्या देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या सगळ्यांच्या डोक्यात आहेत. इथे थोडे रसायनशास्त्र लागते. लिथियम बॅटरी हे एक नाव नसून आडनाव आहे, घरात भावंडे बरीच. धन ध्रुवावर कोणता पदार्थ आहे यावर तिचा स्वभाव ठरतो. कोबाल्ट किंवा निकेलचे ऑक्साइड असेल तर ते फार तापल्यावर त्यातून ऑक्सिजन सुटतो. म्हणजे आगीला बाहेरची हवा लागत नाही, इंधन आणि हवा दोन्ही डब्यातच. आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि सहज सुटत नाही. ती पेटूच शकत नाही असे नाही, पण पेटवायला फार छळावे लागते. त्याची किंमतही आहे: तेवढ्याच वजनात ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा कमी वीज साठवते. मोबाइलमध्ये वजनाला महत्त्व असते, आमच्या बाकाखाली नाही.

या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग दाखवणारा निबंध १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावे आहेत: पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ. तिसरे नाव सगळे सांगतात, कारण जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळाले. पहिली दोन नावे वाचून मला जास्त आनंद झाला.

आजोबा मात्र आईपेक्षाही कठीण होते. ते इथल्या व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. शक्तिमान ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होऊन बाहेर पडत. लष्करी ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट करतात, आणि त्या कशा सांभाळायच्या हे त्यांना तोंडपाठ. त्यांचे म्हणणे एवढेच की लेड-अ‍ॅसिड १८५९ पासून चालत आली आहे, तिचे दुखणे काय ते कोणत्याही गावातल्या मेकॅनिकला कळते, आणि ही नवी बंद पेटी बिघडली तर कोण उघडणार? मला हा मुद्दा बरोबर वाटतो. पेटीच्या आत बीएमएस नावाचे सर्किट असते. ते प्रत्येक सेलवर पहारा देते आणि व्होल्टेज, करंट किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की बॅटरी तोडून टाकते. पहारेकरी चांगला आहे, पण तोच झोपला तर रस्त्यात इलाज नाही. म्हणून आजोबांच्या आग्रहावरून आम्ही सीपॅपला एक सोय जास्त ठेवली: त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घेतला, आणि तो गरज पडली तर इंजिनाच्या बॅटरीवरही लावता येतो. मधला इन्व्हर्टर गेला आणि वीजही वाचली.

जुनी काढून नवी ठेवली की झाले, असे दुकानदार सांगतात. तसे नाही. आमचा अर्धा वेळ बॅटरी सोडून बाकीच्या गोष्टींतच गेला.

सगळ्यात महत्त्वाचा अल्टरनेटर. गाडी चालू असताना तो घरची बॅटरीही भरतो. लेड-अ‍ॅसिड भरत आली की करंट घेणे हळूहळू कमी करते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती जवळजवळ शेवटपर्यंत अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत राहते. घाटात गाडी हळू चालली आहे, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आहे आणि वर पूर्ण भार, अशा वेळी तो जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो. आमचा ३० अ‍ॅम्पिअरच्या वर जाऊ देत नाही. मला वाटते हा खर्च टाळणारे लोक पुढे अल्टरनेटरला दोष देत बसतात.

मग सोलरचा कंट्रोलर. त्यात लेड-अ‍ॅसिडसाठी ‘इक्वलायझेशन’ असते, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन आम्ल ढवळणे. लिथियमला ते घातक, म्हणून बंद केले आणि चार्जिंगची मर्यादा १४.४ व्होल्टला बांधली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर जाड फ्यूज लावला. पाना चुकून दोन्ही टोकांवर पडला तर लिथियम क्षणात प्रचंड करंट देते. काम करताना काकांनी पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. हातातली अंगठीही काढून ठेवली.

किती चार्ज उरला हे पाहायचीही रीत बदलली. लेड-अ‍ॅसिडमध्ये व्होल्टमीटर बरेच काही सांगतो: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. लिथियमचा व्होल्टेज मात्र मधला बराचसा काळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून आता ऋण तारेत शंट आहे. तो आत आलेले आणि बाहेर गेलेले अ‍ॅम्पिअर मोजत राहतो, घरखर्चाच्या वहीसारखे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंगणातच चाचणी घेतली. रात्री आठला शंटवर १०० टक्के आणि १३.३ व्होल्ट. सकाळी सहाला ६६ टक्के आणि १३.१ व्होल्ट. एकतृतीयांश बॅटरी गेली आणि व्होल्टमीटरचा काटा जेमतेम हलला.

जागाही बदलली. जुनीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून ती बाहेरच्या पेटीत होती. नवीतून साध्या वापरात वायू निघत नाही आणि तिला ऊन आवडत नाही, म्हणून ती आत बाकाखाली आली. मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवणे हे आता माणसांइतकेच बॅटरीसाठीही आहे. उलट टोकही लक्षात ठेवायचे: शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, लिथियम धातूच्या रूपात ऋण ध्रुवावर साचतो आणि ती कायमची खराब होते. जबलपुरात ही वेळ येत नाही. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथे जानेवारीच्या पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. तिथे ऊन वर आल्यावरच चार्जिंग सुरू करायचे असे ठरले आहे.

आता पैसे. बॅटरी ६२ हजार, चार्जर, शंट, फ्यूज आणि तारा मिळून २० हजार. ‘लिथियम शेवटी स्वस्तच पडते’ असे सगळीकडे म्हणतात, कारण ती दोन-अडीच हजार वेळा भरता येते. पण आमची गाडी वर्षाला चाळीस रात्री बाहेर असते. अडीच हजार रात्री व्हायला साठ वर्षे लागतील, त्याआधी बॅटरी वयानेच जाईल. बारा वर्षे धरली तर ४८० रात्री, म्हणजे रात्रीला सुमारे १७० रुपये. लेड-अ‍ॅसिडच्या दोन बॅटऱ्या लागल्या असत्या, ३२ हजारांच्या, चार वर्षे टिकणाऱ्या: रात्रीला २००. फरक आहे, पण ज्याने बॅटरी बदलावी एवढा नाही. रोज चालणाऱ्या ई-रिक्षाला हाच हिशेब फार वेगळा येईल, तिथे लिथियम सरळ जिंकते. आम्ही बदलली ती पन्नास-साठ किलो वजन आणि पहाटे चारसाठी.

इंजिनाची बॅटरी आम्ही लेड-अ‍ॅसिडचीच ठेवली आहे. दोन-तीन सेकंद मोठा करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचे, हे काम ती उत्तम करते. बॉनेटखालची गरमीही ती सहन करते. तिचे डिस्टिल्ड वॉटर आजोबा स्वतः तपासतात.

जुनी घरची बॅटरी दुकानदाराने वजनावर परत घेतली. शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जाते, म्हणून तिला कायम किंमत येते. ती फेकून देण्याची वस्तू नाही, आणि आम्ल गटारात ओतणे तर गुन्हाच आहे.