टॉवरची चाळीस वर्षं

कपडे धुण्याच्या पावडरीचा इतिहास आपल्याकडे जाहिरातींच्या अंगानेच सांगितला जातो. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आणि निरमाच्या पुड्यावरची गिरकी घेणारी मुलगी सगळ्यांना आठवतात. कारखान्यातली खरी अडचण मात्र कुणी सांगत नाही. मळ काढणारा मुख्य पदार्थ मुळात चिकट असतो. व्यवसायात ज्याला अ‍ॅसिड स्लरी म्हणतात, तो काळपट, दाट द्रव कॉस्टिकने शमवला की त्याची पेस्ट होते. तिच्यापासून मोकळा, गुठळ्या न होणारा दाणा काढायचा कसा?

१९४६ मध्ये अमेरिकेत टाइड आली, त्या काळापासून मोठ्या कंपन्यांचं उत्तर ठरून गेलं होतं: टॉवर. पेस्ट, फॉस्फेट, सिलिकेट, सल्फेट आणि भरपूर पाणी यांचा गरम रबडा करायचा, उंच टॉवरच्या माथ्यावरून जोराच्या दाबाने फवारायचा आणि खालून तीनेकशे अंशांची हवा सोडायची. थेंब खाली येईतो वाळतो, आतली वाफ त्याला फुगवते आणि पोकळ दाणा हाती येतो. १९५९ मध्ये भारतात आलेली सर्फ याच घराण्यातली. दाणा दिसायला देखणा, पाण्यात पटकन विरघळणारा. पण खोक्यात बरीचशी हवाच. शिवाय आधी पाणी घालायचं आणि मग इंधन जाळून तेच उडवायचं, हा व्यवहार मला तरी कायम उधळपट्टीचाच वाटत आला आहे.

अहमदाबादच्या करसनभाई पटेलांकडे १९६९ मध्ये टॉवर नव्हता. निरमा हाताने कालवली जाई. सोड्यात अ‍ॅसिड स्लरी घालायची. शमवण्याची क्रिया कोरड्या भुकटीतच होते, वर रबड्याचं पाणी उडवायला लागत नाही. माल मुरला की चाळायचा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लहान उद्योगांनीही पुढे हीच रीत धरली. हा माल हाताला झोंबतो, हे खरं. पण साबणाच्या वडीवर भागवणाऱ्या घरांत पावडर शिरली ती त्याच्यामुळेच. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरला उत्तरादाखल व्हील आणायला १९८७ उजाडलं.

मधल्या काळात धुळीने वेगळाच धडा दिला. डाग पचवणारी एन्झाइम्स पावडरीत आली आणि ब्रिटनमधल्या कामगारांना दम्याचा त्रास होऊ लागला. ‘लॅन्सेट’ने १९६९ मध्ये त्याची नोंद घेतली. तेव्हापासून एन्झाइमचा बारीक भुगा जाऊन आवरण चढवलेले दाणे आले.

टॉवरच्या मक्तेदारीला खरा धक्का दिला तो जपानने. १९८७ मध्ये काओ कंपनीची अटॅक ही घट्ट दाण्याची पावडर आली. माप चमच्याभराचं, खोकं इवलंसं. मग सगळे घट्ट दाण्याच्या मागे लागले. अतिशय दाट पेस्ट आणि सोडा आणि झिओलाइट या पाणी मऊ करणाऱ्या पदार्थाची पूड वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या मिक्सरमध्ये काही सेकंद एकत्र आणायची. दुसऱ्या, संथ मिक्सरमध्ये दाण्याला आकार द्यायचा. मग हवेच्या झोतावर तरंगवत तो वाळवायचा किंवा निववायचा. सांगायला सोपं. पेस्ट थोडी जास्त झाली की मिक्सरमध्ये कणकेचा गोळा. कमी पडली की नुसती धूळ. शेवटी वरून झिओलाइट भुरभुरवतात, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. मोठे दाणे दळून आणि बारीक चुरा तसाच पुन्हा मिक्सरमध्ये जातो. जुन्या टॉवरच्या पावडरीचं लिटरभर माप तीन-चारशे ग्रॅम भरे, या दाण्याचं सातशेच्या वर जातं. काहींनी तर पेस्टही वगळली आणि मिक्सरमध्येच अ‍ॅसिड सोड्यावर सोडलं. रसायन तेच, जे लहान कारखानदार जमिनीवर घडवत होता. फरक यंत्राच्या वेगाचा आणि मोजमापाचा.

तरीही टॉवर बंद पडले नाहीत. बादलीत कपडे भिजवणारा गिऱ्हाईक पावडर मुठीने घेतो आणि फेसावरून जोखतो. घट्ट पावडर त्याच मुठीने टाकली तर महिन्याचा पुडा पंधरवड्यात संपतो, म्हणून ती महाग वाटते. हलका, फुगीर दाणा त्याला अजून परवडतो.