चिवराच्या घड्या आणि ऑफिसचा पोशाख



सैन्यात असताना सकाळी काय घालायचं हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आदेशातच सुटलेला असायचा. त्यामुळे निवृत्त कर्नल आज बायकांच्या ऑफिसच्या कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण हा विषय मुलीने घरात आणला, आणि त्याचं उत्तर मिळालं आमच्या पंचकुल्याशेजारी, चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात.

झालं असं की मुलगी इंजिनिअर आहे. एका मोठ्या बैठकीत ती उभी राहून आराखडा समजावून सांगत होती. हात वर केला की ओढणी घसरायची. फोन ठेवायला खिसा नव्हता, म्हणून एक हात सतत अडकलेला. घरी येऊन म्हणाली, "बाबा, वीस मिनिटं बोलले, त्यातली दहा ओढणीत गेली." मी सवयीने म्हणालो, "साधे कपडे घालावेत." ती भडकली. "मुलींना साधं राहा असं सगळेच सांगतात. साधं म्हणजे नेमकं काय, ते सांगा ना!"

मला सांगता येईना. पुढच्या रविवारी आम्ही दोघं सेक्टर १० मधल्या त्या संग्रहालयात गेलो.

तिथल्या गांधार मूर्तींची कथा ऐकण्यासारखी आहे. १९४७ च्या फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तूंचीही वाटणी झाली. ६० टक्के पाकिस्तानकडे, ४० टक्के भारताकडे. आपल्या वाट्याच्या मूर्ती १९४९ मध्ये इकडे आल्या आणि अमृतसर, शिमला, पतियाळा अशा फौजीसारख्या बदल्या झेलत चंदीगडला पोहोचल्या. ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेली आजची इमारत १९६८ मध्ये खुली झाली.

या मूर्ती करड्या शिस्ट दगडाच्या आहेत. एकाच दालनात दोन प्रकार दिसतात. बोधिसत्त्व म्हणजे राजपुत्र: डोक्याला फेटा, गळ्यात हार, दंडावर वाक्या. बुद्धाच्या अंगावर मात्र फक्त एक वस्त्र. आपल्या अजिंठ्यातही हीच जोडी भेटते. लेणं क्रमांक १ मधला पद्मपाणी मुकुट आणि मोत्यांनी सजलेला आहे. लेणं क्रमांक २६ मधली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब, आणि तिच्यावर दागिना एकही नाही.

मुलगी गांधार बुद्धासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "इथे दागिन्याचं काम घड्याच करतायत." मी नीट पाहिलं. वस्त्राचा सगळा भार खांद्यांवर. घड्या तिथून निघतात आणि छातीवरून वळत खाली उतरतात. पुढे आलेल्या गुडघ्यावर कापड सपाट होतं आणि पाय हललाय हे कळतं. त्या रेषा धरून नजर वर गेली की थेट चेहऱ्यापाशी पोहोचते. बैठकीत बोलणाऱ्या बाईला कपड्याकडून आणखी काय हवं असतं?

आता थोडा अभ्यास करू. बुद्धाचं वस्त्र सगळीकडे सारखं कोरलेलं नाही. गांधार हा थंड, डोंगराळ मुलूख. तिथे दोन्ही खांदे झाकलेले, कापड जाड, घड्या खोल. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींत उजवा खांदा उघडा आणि कापड तलम. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या मूर्तींत तर घड्या जवळजवळ नाहीतच. गळ्याशी आणि मनगटाशी काठाची रेषा दिसते तेवढीच. शिवणाऱ्याने यातून घ्यायचा धडा सोपा आहे: जाड कापडाला थोड्या आणि मोठ्या घड्या, तलम कापडाला फक्त नेमका काठ.

दुसरा धडा विनयपिटकात मिळतो. भिक्षूला तीन वस्त्रं: कमरेखाली अंतरवासक, वर उत्तरासंग आणि थंडीसाठी दुपदरी संघाटी. मगधातली बांध घातलेली भातशेतं पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं की चिवर असं करता येईल का, आणि आनंदाने तुकडे जोडून ते केलं, अशी कथा महावग्गात आहे. कापून जोडलेल्या कापडाला बाजारभाव राहत नाही, म्हणजे चोरालाही त्याचा मोह नाही. आणि लहान तुकडाही वाया जात नाही. शिवणीची रेषा हीच नक्षी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भिक्षुणींना तीन नव्हे, पाच वस्त्रं होती. छातीसाठी एक जादा वस्त्र आणि अंघोळीसाठी एक. सर्वसंगत्याग केलेल्या संघानेही हे मान्य केलं की बाईच्या गरजा वेगळ्या आहेत आणि कमी करण्याच्या नादात त्या गरजा कापायच्या नाहीत. आजच्या हिशेबात ती दोन जादा वस्त्रं म्हणजे खिसा आणि अस्तर, असं मी म्हणेन.

मग आम्ही प्रयोग केला. बाजारातल्या आमच्या मास्टरजींकडे गेलो. पहिला प्रयत्न फसला. कापड कडक टेरीकॉट, घड्या इस्त्रीने बसवलेल्या. मुलगी पुठ्ठ्यात गुंडाळल्यासारखी दिसत होती. मास्टरजी म्हणाले, "साहेब, दगडात घडी कोरता येते. कापडात ती पडावी लागते." दुसऱ्यांदा मऊ, वजनदार करडी खादी घेतली. गुडघ्यापर्यंतचा लांब अंगरखा. डाव्या खांद्यापाशी तीन घड्या शिवणीत पकडल्या आणि खाली मोकळ्या सोडल्या. त्या तिरप्या पडाव्यात म्हणून पुढचा भाग उरेब कापला. मुंढा काखेलगत, उंच ठेवला, म्हणजे हात वर केला तरी अंगरखा फारसा वर चढत नाही. बाजूच्या शिवणीत दोन खोल खिसे. आत पुरेशी माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल. ओढणी नाही, कारण तिचं काम घड्यांनीच उचललं. उरलेल्या कापडाचे पट्टे जोडून मास्टरजींनी खिशांचं अस्तर केलं. आनंदाचं भातशेत तिथे खिशात आलं!

दोन गोष्टी जाता जाता. पहिली, बुद्धाचा चेहरा कुर्त्यावर छापणं म्हणजे बौद्ध कलेपासून प्रेरणा घेणं नव्हे. लाखो लोकांची श्रद्धा जिथे आहे, ती मूर्ती बसताना चुरगळणाऱ्या, धुण्यात पिळल्या जाणाऱ्या कापडावर नको. घ्यायची तर तिची पद्धत घ्या.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. मी मुलीला 'साधे कपडे घाल' म्हणालो तेव्हा माझ्या मनात होतं, लोकांचं लक्ष जाऊ नये. म्हणजे मी तिला लपायला सांगत होतो. तो बुद्ध कुठे लपतो? दालनात शिरल्यावर माझी नजर पहिली त्याच्याकडेच गेली होती. शिवाय राजवस्त्रं त्याने स्वतः उतरवली, कोणी उतरवायला लावली नाहीत. साधेपणा निवडला तर त्याला तेज असतं. दुसऱ्याने लादला तर तो नुसता दंडक होतो. उद्या माझ्या मुलीला पद्मपाणीसारखे मोती घालून बैठकीला जावंसं वाटलं, तर तेही त्याच परंपरेतलं आहे.

परवा तिची पुन्हा बैठक होती. रात्री विचारलं, "कशी झाली?" ती पुलाच्या पायाबद्दल अर्धा तास बोलत राहिली. कपड्यांचा विषय निघालाच नाही.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.