आठ गुणिले पंचवीस: खिशात मावणाऱ्या दुर्बिणीची निवड

राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कल्याण-डोंबिवलीच्या अंगाने पश्चिमेस येणारी उल्हास नदी ठाण्यापाशी द्विधा होते. तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीस मिळतो, आणि मुख्य प्रवाह कोलशेतच्या बाजूने घोडबंदराकडे जाऊन वसईच्या खाडीतून समुद्र गाठतो. या प्रवाहाच्या परिसरात जेथे मागल्या पिढीपर्यंत रासायनिक कारखान्यांची वस्ती होती, तेथे आता उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या गच्च्यांतून, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर व खारफुटीच्या शेंड्यांवर, नाना आकारांचे हलते ठिपके नित्य दिसत असतात. त्यांतला कोणता बगळा, कोणता शेकाट्या आणि कोणती तुतारी, हे जाणून घेण्याची इच्छा एकदा मनात उद्भवली, की दुर्बिणीच्या खरेदीचा विषय घरात निघतो, आणि तेथूनच गृहस्थाच्या गोंधळास प्रारंभ होतो.

जाणकार मंडळी नवशिक्याला बहुधा ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची मोठी दुर्बीण घेण्याची शिफारस करतात, आणि शास्त्रदृष्ट्या ती शिफारस निर्दोषही आहे. परंतु पाऊण किलोच्या आसपास वजनाचा तो जिन्नस गळ्यात अडकवून सकाळच्या लोकलमध्ये शिरण्याचे धैर्य ठाणे-डोंबिवलीच्या नोकरदाराला होणे कठीण. तो कपाटात राहतो, आणि पक्षी मात्र कपाटाबाहेर असतात. सुमारे ३०० ग्रॅम वजनाची, सदऱ्याच्या नाही तरी कोटाच्या वा पिशवीच्या खिशात मावणारी दुर्बीण पाहिजे तेव्हा हाताशी असते, आणि माझ्या मते तिचा हा एकच गुण तिच्या अनेक उणिवा झाकून टाकण्यास पुरेसा आहे.

दुर्बिणीवर कोरलेले ‘८ × २५’ हे अंक म्हणजे त्या जिनसेचा सातबाराच होय. पहिला अंक वर्धनाचा, दुसरा पुढच्या वस्तुभिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये मोजलेला. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. येथे ती ३.१ मिलिमीटर भरते. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकुंचित होऊन दोन-तीन मिलिमीटरांवर येते. त्यामुळे ४२ मिलिमीटरच्या भिंगाने आणलेल्या सव्वापाच मिलिमीटर जाड शलाकेपैकी बराचसा प्रकाश बाहुलीबाहेर पडून वाया जातो, आणि दिवसाउजेडी लहान दुर्बीण मोठीपेक्षा मुळीच अंधूक ठरत नाही. संध्याकाळी, बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत विस्फारली, म्हणजे मात्र हिशेब उलटतो. तेव्हा लहान दुर्बीण मोठीच्या मानाने पाचांपैकी दोन हिश्श्यांइतकाच उजेड डोळ्यात पोचवते. घुबड आणि रातवा पाहण्याचा ज्यांना छंद आहे त्यांनी म्हणून खिशाच्या दुर्बिणीच्या वाटेस जाऊ नये. जाड शलाकेचा आणखी एक फायदा कबूल केला पाहिजे: डोळा थोडासा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाही.

आता वर्धनाकडे वळू. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अधिवासास २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली त्या खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला, आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीहून होडीने जाऊन ते थवे पाहण्याची सोय आहे. तेथे मोठा रोहित आणि लहान रोहित अशा दोन जाती दिसतात. पहिल्याची चोच गुलाबी असून केवळ टोकाशी काळी असते, दुसऱ्याची संपूर्ण चोच गडद किरमिजी दिसते. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या अंतराचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. २०० मीटरवर हे अंतर सुमारे सहा सेंटिमीटर होते, आणि चोचीच्या टोकाचा रंग कळण्यास ते फारच स्थूल आहे. आठपट वर्धनाने तेच अंतर सात मिलिमीटरवर येते आणि चोच स्पष्ट होते. २५ मिलिमीटरच्या भिंगाची स्वतःची विभेदनशक्ती सुमारे साडेपाच विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) असल्यामुळे आठपट वर्धन ते सहज पेलते. दहापट केले की भिंग आपल्या मर्यादेच्या काठावर येऊन उभे राहते.

परंतु दहापट वर्धनाविरुद्धचा खरा पुरावा भिंगात नसून आपल्या हातात आहे. दुर्बीण पक्ष्यास जितकी मोठी करते तितकाच हाताचा कंपही मोठा करते, आणि हलक्या दुर्बिणीत जडत्व कमी असल्याने तो अधिकच जाणवतो. हलत्या होडीत तर बोलणेच नको. शिवाय दहापटीत दिसणारा पट्टा अरुंद होतो. आठपटीच्या लहान दुर्बिणीत साधारणतः सहा अंशांचे, म्हणजे १००० मीटरवर सुमारे १०५ मीटर रुंदीचे, दृश्य मिळते, आणि भिरभिरणारा खंड्या सापडण्यासाठी तेवढे तरी लागतेच. वर्धन मागेपुढे करणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी या आकारात कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत.

भिंगांनी उलटे केलेले चित्र सुलटे करण्याचे काम आतील लोलक करतात. हॉलंडमधील लिपरशे याने १६०८ सालीच दोन्ही डोळ्यांची दुर्बीण बनविली होती. परंतु आखूड नळीत भरपूर वर्धन साधण्याची युक्ती इग्नाझिओ पोर्रो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली शोधली, आणि काच पुरेशी निर्दोष होईपर्यंत तिला वाट पाहावी लागून १८९४ साली जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे यांच्या देखरेखीखाली झाइस कारखान्याने ती बाजारात आणली. आजच्या सरळ नळीच्या सुबक दुर्बिणींत छपरासारख्या कोनाचे लोलक असतात. त्यांचा कोन अवघ्या काही विकलांच्या अचूकतेने घासावा लागतो, आणि त्यांतून दोन वाटांनी गेलेल्या प्रकाशलहरींत पडणारे अंतर नाहीसे करणारा लेप न चढविल्यास बारकावे पुसट होतात. असा लेप १९८८ साली प्रथम प्रचारात आला. स्वस्त दुर्बिणीत तो बहुधा नसतो. सबब ज्याची थैली लहान आहे त्याने उलट बसविलेल्या पोर्रो लोलकांची, म्हणजे पुढची भिंगे जवळ आणि डोळ्याकडची दूर असलेली, किंचित जाडजूड दुर्बीण निःसंकोच घ्यावी. दिसायला ती वेडगळ खरी, पण त्याच किमतीत ती सरस चित्र देते.

लेपाचेच आणखी एक प्रकरण आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार इतका प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग आले की एकतृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. १९३५ साली झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी अतिसूक्ष्म लेपाने ही गळती रोखण्याचा मार्ग दाखविला. चांगल्या भिंगावर त्यामुळे फिकट हिरवी-जांभळी झाक दिसते. बाजारात मात्र माणकासारखी लालभडक चकाकणारी भिंगे मोठ्या दिमाखाने मांडलेली असतात. ती लाल प्रकाश परत फेकतात, म्हणजे डोळ्यात येणारे चित्र निळसर-हिरवट होते, आणि ज्या गुलाबी थव्यासाठी आपण खाडीवर गेलो त्याचा रंगच आपण पैसे मोजून घालविलेला असतो.

चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रभिंगापासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते काय, हे रबरी कडी खाली करून पाहावे. येऊरच्या पायवाटेवर फुलपाखरे पाहावयाची असतील, तर दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट होते की नाही हेही तपासावे. कोकणच्या पावसाळी हवेत भिंगांवर बुरशी धरते. नायट्रोजन भरून बंद केलेली जलरोधक दुर्बीण थोडी महाग पडली तरी येथे ती चैन नव्हे, आणि तशी नसल्यास आपली दुर्बीण पावसाळाभर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवण्याची तजवीज करावी.

सूर्याकडे दुर्बीण कदापि लावू नये. कोलशेतकरांना आणखी एक ताकीद द्यावीशी वाटते: वायुदलाचे ठाणे शेजारी आहे, त्या दिशेस दुर्बीण रोखून विनाकारण जाबजबाब ओढवून घेऊ नये. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांबाबत सुज्ञास अधिक सांगणे न लगे.

दुकानात गेल्यावर पैसे देण्यापूर्वी खिशातील पट्टी काढावी. ‘३० × ६०’ असा मजकूर मिरविणाऱ्या तळहाताएवढ्या दुर्बिणीचे भिंग प्रत्यक्षात २५ मिलिमीटरच्या आसपास भरले, तर पुढील बोलणेच खुंटले. नंतर दुर्बीण हातभर दूर उजेडाकडे धरून नेत्रभिंगातील प्रकाशाचे वर्तुळ पाहावे. ते स्वच्छ गोल असावे, कडा कापल्यासारखे चौकोनी नसावे. शेवटी ती बाहेर आणून समोरच्या इमारतीचा आडवा कठडा पाहावा, आणि दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश दूर नेत दोन्ही नळ्यांतील कठडे एकाच पातळीवर राहतात काय ते पाहावे. एक वर व एक खाली दिसला, तर नळ्या समांतर नाहीत, आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागेल. जो दुकानदार दुर्बीण दाराबाहेर नेऊन पाहू देत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये.