तालुक्याच्या गावचा नळ आणि आपली विहीर

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. पण आपल्याकडच्या पुष्कळ लहान नगरपालिकांचे दुखणे याच्या उलट आहे. आडात, म्हणजे धरणात किंवा नदीत, पाणी असते. पोहरा मात्र अर्धाच वर येतो, तोही चार-चार दिवसांनी.

शहराच्या नळाचा घोर खेड्यातल्या माणसाने कशाला करायचा, असे कुणी म्हणेल. पण पाहा, आपली मुले तालुक्याच्या गावी खोली करून शिकतात. बाजार तिथे, दवाखाना तिथे, कुणाची लेक तिथेच दिलेली. शिवाय २०१४-१५ च्या सुमारास महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. काल जे आपल्यासारखेच गाव होते ते आज कागदोपत्री शहर झाले आहे. विहीर तीच, टाकी तीच, पण माणसे दुप्पट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की, त्या शहराचे पाणी आणि आपल्या उसाचे, गव्हाचे पाणी बहुधा एकाच धरणातून येते. तेव्हा हा हिशेब आपल्यालाही ठाऊक असावा.

हिशेब सोपा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मोजमाप आहे. तशी गटारे नसलेल्या लहान गावाला ७० लिटर धरतात. आपण मोठाच आकडा घेऊ. ३० हजार वस्तीच्या गावाला रोज ४० लाख ५० हजार लिटर लागले. वर्षाचे झाले सुमारे १४८ कोटी लिटर. आकडा ऐकून छाती दडपते, पण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. म्हणजे एका टीएमसीत अशी एकोणीस गावे वर्षभर पाणी पितील. आता हेच शेताच्या मापाने मोजा. सुरू उसाला पूर्ण वाढीपर्यंत दोन मीटर उंचीचे पाणी धरले, तर एका एकराला सुमारे ८० लाख लिटर होते. त्या ३० हजार माणसांचे वर्षाचे पाणी म्हणजे १८०-१८५ एकर उसाचे पाणी. ऊस लावू नये असे सांगण्यासाठी हे मांडलेले नाही. पिण्याचे पाणी धरणाच्या मानाने फार थोडे असते, एवढेच ध्यानात यावे. मग नळ कोरडे का पडतात?

कारण ते पाणी धरणातून घरापर्यंत येताना वाटेत सांडते, मुरते, आणि कुणाच्या नावावर न लागताच जाते. नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी उपसायचे, शुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचे, क्लोरीन द्यायचे, उंच टाकीत चढवायचे आणि मग व्हॉल्व्ह फिरवून एकेका पेठेला सोडायचे, असा हा प्रवास असतो. यातली उपसा करणारी मोटार वीज खाते. लहान नगरपालिकेच्या पाणीखात्यात सर्वांत मोठा खर्च बहुधा विजेच्या बिलाचाच. बिल थकले की जोड तोडला जातो. बिल भरले असले तरी सहा तास वीज गेली की टाकी भरत नाही, आणि टाकी एकदा चुकली की सगळ्या गावाची पाळी पुढे ढकलली जाते. सोमवारचे पाणी मंगळवारी येते ते असे.

गळती किती हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. रात्री अकराला टाकी भरून घ्यावी, गावात जाणारा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून पेठांचे सगळे व्हॉल्व्ह बंद करावेत, टाकीतल्या पाण्याची खूण करावी आणि पहाटे पाचला पुन्हा पाहावी. बारा मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी नुसते दहा सेंटिमीटर उतरले, तरी ११ हजार लिटरहून जास्त पाणी कुठेतरी गेले. कुणी वापरले नाही, तरी गेले. मग एकेका पेठेचा व्हॉल्व्ह उघडून हीच परीक्षा घेतली की चोर कुठल्या गल्लीत आहे ते कळते. त्या पेठेत मात्र घरोघरच्या तोट्या त्या रात्री बंद हव्यात. एवढे काम दोन व्हॉल्व्हमन आणि एक अभियंता आठवड्यात करू शकतात. करत नाहीत, कारण गळती दिसत नाही आणि नवी पाइपलाइन दिसते. नव्या पाइपलाइनीचा नारळ फोडता येतो.

आता चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याविषयी. पाणी कमी आहे म्हणून आड दिवसाने सोडले की बचत होते, असा सगळ्यांचाच समज असतो. तो पुरता खरा नाही. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस सापडेल ते भांडे भरून ठेवतो. रांजण, पिंप, बादल्या, पोरांची न्हाणीची टोपलीसुद्धा. नवे पाणी आले की जुने शिळे म्हणून मोरीत ओततात. मीटर नाही, वर्षाची पाणीपट्टी ठरलेली, मग तोटी बंद करण्याची घाई कुणाला? कित्येक नळांना तोटीच नसते. शिवाय पाणी कुठल्या वेळी येईल ते ठाऊक नसते. घरच्या बाईने अर्धी रात्र जागायचे आणि सकाळी पुन्हा शेताला किंवा कामाला जायचे. हा खर्च नगरपालिकेच्या कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

त्याहून वाईट गोष्ट आरोग्याची. नळीत दिवसरात्र पाण्याचा दाब असला तर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर येते. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचे आत जाते, आणि गावात बहुतेक ठिकाणी नळी आणि गटार शेजारी-शेजारीच असतात. त्यात ज्याच्या घरी मोटार आहे तो ती थेट नळाला लावतो. ती मोटार शेजाऱ्याचे पाणी तर ओढतेच, गटारातलेही ओढते. कावीळ आणि जुलाब-उलट्यांची साथ एकाच गल्लीत उठते, तिचे कारण पुष्कळदा तिथेच जमिनीत दोन हात खाली असते. म्हणून पाणी आले की पहिली काही मिनिटे ते पिण्यासाठी भरू नये, धुण्याला किंवा झाडांना घालावे.

क्लोरीन पडले की नाही हे पाहण्याची साधी ओटी चाचणी असते. पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. शेवटच्या घरच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. चाचणी टाकीखाली घेऊन उपयोग नाही, गावाच्या टोकाला घ्यावी. (तपासलेले पाणी फेकून द्यावे, पिऊ नये.) आपल्या वाडीवस्तीच्या विहिरीला टीसीएल पावडर वापरत असाल, तर हजार लिटर स्वच्छ पाण्याला पाच ग्रॅम हे प्रमाण आहे. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि अर्धा तास थांबून मगच पाणी घ्यावे. पोते उघडे ठेवले की पावडरीतला दम निघून जातो. मग पांढरे पडते ते केवळ पाणी!

हे सगळे सुधारता येते का? येते. कराडजवळ, पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर मलकापूर नावाचे गाव आहे. कोयना नदीचे पाणी उचलणारी ही तेव्हाची लहानशी नगरपंचायत. या शतकाचे पहिले दशक संपता-संपता तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले. घरोघर मीटर बसले, आणि जो जास्त वापरेल त्याला पुढच्या प्रत्येक टप्प्याला चढा दर लागला. चोवीस तास म्हणजे उधळपट्टी असे वाटते, पण नळ कधीही उघडला तरी पाणी येणार असेल, तर पिंपे भरून ठेवायची आणि ओतायची गरजच उरत नाही. नळीत दाब कायम असल्याने गळती तेव्हाच वर दिसते. अर्थात मलकापूरला शेजारी कोयनेसारखी नदी आहे, आणि लोकांनी मीटर मान्य केले. मीटर म्हटले की आपल्याकडे निवडणूक आठवते, त्यामुळे दुसरीकडे हे सहज घडत नाही.

जिथे आडच आटतो तिथली गोष्ट वेगळी. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोचली. दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी झाली, पंचवीस लाख लिटरची. सगळ्या देशाने कौतुक केले, आणि रेल्वेच्या माणसांनी कष्टही खरोखर केले. पण चार लाखांच्या शहरात पंचवीस लाख लिटर म्हणजे माणशी सहा लिटर. एक लहान कळशी. टंचाईत खेड्यांना टँकरचे माणशी २० लिटर धरतात, त्याच्याही निम्म्याहून कमी. गाडीने लातूर जगले असे म्हणण्यापेक्षा विंधन विहिरी, टँकर आणि लोकांची काटकसर यांनी जगले, असे म्हणावे लागेल.

उजनीचे उदाहरण शेतकऱ्याला अधिक जवळचे. १९८० साली पूर्ण झालेले हे धरण ११७ टीएमसीचे, पण त्यातले ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात. सोलापूर शहर आणि वाटेवरची पंढरपूर, मंगळवेढा यांसारखी गावे यांसाठी भीमेत पाणी सोडण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. खाली औज बंधाऱ्यापर्यंत नदीचा पल्ला सुमारे दोनशे किलोमीटरचा. वाळूत मुरून, उन्हात उडून उरेल ते पोचते. एका वेळेला पाचेक टीएमसी सोडावे लागते. सोलापूरच्या सव्वानऊ-साडेनऊ लाख माणसांना माणशी १३५ लिटरने वर्षभर पाणी दिले, तरी दोन टीएमसी लागत नाहीत. आणि पाणी खाली पोचावे म्हणून नदीकाठच्या शेतीपंपांची वीज त्या दिवसांत तोडतात किंवा दोन-दोन तासांवर आणतात. उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. इथे शहर आणि शेतकरी यांना एकमेकांचे वैरी ठरवणे चुकीचे आहे. दोघांचेही वैर उघड्या नदीतून पाणी नेण्याच्या पद्धतीशी आहे. बंद नळीतून नेले तर दोघांचेही वाचते.

बंद नळीलाही एक खोड आहे. शहराची पाइपलाइन ज्या गावांवरून जाते, त्यांना तिच्यातला थेंब मिळत नाही. मग उन्हाळ्यात कुणीतरी एअर व्हॉल्व्ह फोडतो. खड्ड्यात पाणी साचते, हंडे भरतात, गुरे पितात, आणि तेच गढूळ पाणी मोटार थांबली की नळीत परत जाते. गुन्हे नोंदवून हे थांबत नाही. वाटेवरच्या गावाला आधीच एक रीतसर जोड आणि गुरांसाठी हौद दिला, तर ते गावच नळीची राखण करते. व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडते.

आता आपल्या विहिरीचे. टंचाईत प्रशासन खासगी विहीर किंवा बोअर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करते आणि मोबदला देते. नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, पण लेखी आदेशाशिवाय विहीर देऊ नये. आदेशावर ताब्याची तारीख हवी, दर हवा, वीजबिल कुणी भरायचे ते हवे. ताबा परत मिळेल त्या दिवसाचीही नोंद तलाठी किंवा ग्रामसेवकाकडून करून घ्यावी, कारण मोबदला दिवसांवर मोजतात. आणखी एक, १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आला. बोअरची गाडी बोलावण्याआधी अंतर मोजून घ्या.

धरणातल्या वाटणीचा दिवसही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून पुढच्या वर्षाचे नियोजन होते. पिण्यासाठी आरक्षण आधी ठेवतात, साधारण १५ जुलैपर्यंत पुरेल असे, आणि उरलेल्यातून शेतीची आवर्तने ठरतात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत नगरपालिका आपली मागणी मांडते तेव्हा तिला दोन प्रश्न विचारायला आपल्या प्रतिनिधीला सांगा: गेल्या वर्षी उचललेल्या पाण्यापैकी किती पाण्याची पट्टी आकारली, आणि रात्रीच्या गळतीची परीक्षा शेवटची कधी घेतली?