रेणू फुटला की नाव सांगतो

दहिवलीत भातावर खोडकिडा आला की शेजारचे काका विचारतात, "ताई, फवारलेलं पोटात जातं का हो?" निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेत मी तेच शोधत होते. मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या रेणूला प्रोटॉन चिकटतो, वस्तुमान होतं 224. मग वायूच्या रेणूंवर आदळून तो फुटतो: मिथिलअमाइन सुटलं की 193, फॉस्फेटचा तुकडा 127. क्लोरपायरिफॉसचा 350 फुटून 198 आणि 97 देतो. नुसतं वस्तुमान जुळलं तर मी सही करत नसे. तुकडेही जुळायला हवेत. निर्यातीच्या द्राक्षांचं असं काटेकोर मोजमाप होतं. फवारणाऱ्याच्या अंगावरचं कोण मोजतो? 2017मध्ये यवतमाळला फवारताना विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. काका, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका. आणि भाजीवर मोनोक्रोटोफॉसला बंदीच आहे.