कड कोरी असलेलं पदक

पदक हातात घेतल्यावर मी आधी त्याची कड पाहिली. ब्रिटिश पदकांच्या कडेवर पुष्कळदा शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. ही कड कोरी होती. एका अंगाला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या अंगाला सिंह आणि 1857-1858 ही सालं, वरच्या पट्टीवर 'सेंट्रल इंडिया'. उदगीरच्या किल्ल्याजवळच्या एका घरात हे पदक पिढ्यान्‌पिढ्या देवघराच्या डब्यात आहे. खापरपणजोबा घोडदळात होते, एवढंच घरच्यांना ऐकून ठाऊक.

पदकाबरोबर एक फाटका कागद निघाला. तो वाचायला उर्दूचे एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांच्यासाठीच मी गेले. आपल्या भागात 1956 पर्यंत बीदर हा जिल्हा होता आणि त्याआधी राज्य निजामाचं, त्यामुळे असे कागद फार्सी-उर्दूत असतात आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मोमिनाबाद छावणी. आपलं अंबाजोगाई. म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट."

फौज कोणती हे एकदा कळलं की शोधाला दिशा मिळते. या फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. खर्च थकला म्हणून 1853 च्या तहात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. "पन्नास लाखांचा मुलूख," मास्तर म्हणाले. तो आकडा त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येत राहिला.

अडचण घोडदळाच्या रीतीत आहे. शिलेदार आपला घोडा घेऊन भरती व्हायचा. एकेका शिलेदाराच्या चार-दोन असाम्या, म्हणजे घोड्यांसह जागा, असायच्या आणि त्यांवर बारगीर बसायचे. घरातला पूर्वज असामीचा धनी होता की दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढला, हे पदकावरून सांगता येत नाही. नोंद पलटणीत राहायची आणि पलटणी बदलत गेल्या. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली. तिच्या घोडदळाचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स आज रणगाडे चालवते. इंग्रज अधिकाऱ्याची भरती, बढती, रजा, मृत्यू हे सगळं लंडनच्या इंडिया ऑफिस दप्तरात सापडतं. आपल्या सवाराचं तसं नाही. पन्नास लाखांचा हिशेब नीट लिहिला गेला, ज्यांच्यासाठी तो खर्च दाखवला त्यांची नावं मात्र कुणाला जपावीशी वाटली नाहीत. हा अन्यायच आहे, असं मला वाटतं.

पट्टीचा अर्थ मास्तरांनी अखेरीस सांगितला. सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर 1858 मध्ये कंटिन्जंटचे लोक झाशी-काल्पीकडे गेले होते. घरातल्या आत्याबाईंनी विचारलं, "म्हणजे आमचा माणूस झाशीच्या राणीच्या विरुद्ध होता?"

कुणी उत्तर दिलं नाही. पुढे दुसरे कागद पाहतानाही मला तो प्रश्न ऐकू येत राहिला. मास्तरांनीही त्या माणसाची बाजू घेतली नाही की त्याला दोषही दिला नाही. "पन्नास लाख," ते म्हणाले, "त्यातला किती त्याच्या वाट्याला आला, ते आधी शोधू."

नातवाचं मत निराळं होतं. हे इथेच थांबवावं, गावात बोलणी नकोत. मला ते पटलं नाही. त्या सवाराने काय केलं हे त्याच्या घराला कळायलाच हवं, नाहीतर उरतात फक्त अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि आपली ऐकीव बढाई. आत्याबाईंनी नातवाला गप्प केलं आणि हैदराबादच्या पुराभिलेखागाराला लिहायच्या अर्जाचा मसुदा सांगू लागल्या. मास्तरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. बापाचं नाव आत्याबाईंना ठाऊक नव्हतं. ते विचारायला त्यांनी लगेच अहमदपूरच्या चुलतभावाला फोन लावला.